प्रोटॉन मरो का राहो

यंदाच्या विज्ञान दिनाला आमच्या तालुक्याच्या गावी वादविवाद स्पर्धा झाली. विषय नेहमीचाच: मूलभूत संशोधनावरचा खर्च ही गरज की चैन. एका मुलीने उदाहरण मात्र वेगळं निवडलं. जपानमध्ये डोंगराच्या पोटात, हजार मीटर खोल, पन्नास हजार टन शुद्ध पाण्याचं, सुपर-कामिओकांडे नावाचं टाकं बांधलंय. १९९६ पासून त्यातला एखादा प्रोटॉन मोडतो का, याची वाट पाहणं चालू आहे, आणि अजून एकही मोडलेला दिसलेला नाही. त्यानंतर जे झालं ते ठरल्यासारखं. विरोधकांनी कर्ज, बोंडअळी आणि आत्महत्या मांडल्या. समर्थकांनी इंटरनेट आणि एमआरआय मांडलं. एकाने कणाद ऋषींना मधे आणलं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका पालकाने विचारलं, "सर, प्रोटॉन मरो का राहो, कापसाले भाव भेटन का?" सभागृह हसलं, आणि वादाचा निकाल लागला असं सगळ्यांनी धरून घेतलं.

भाव भेटणार नाही, हे आधीच कबूल करतो. पण त्या प्रश्नाने निकाल लागला असं मला वाटत नाही, कारण त्या दिवशी दोन्ही बाजू प्रोटॉनबद्दल बोलतच नव्हत्या. माझं म्हणणं असं आहे: आजचा प्रस्थापित सिद्धान्त जिथे संपतो त्याच्या पलीकडे काय आहे, हे निसर्गाला विचारण्याचे जे चार-दोन मार्ग माणसाच्या हाती आहेत, त्यांतला प्रोटॉनचा क्षय शोधणं हा सर्वांत थेट मार्ग आहे. तेवढ्यावरच तो खर्च योग्य ठरतो. त्याला इंटरनेटचा टेकू नको आणि कणादांचाही नको. आणि चाळीस वर्षांत काही सापडलं नाही, हा त्याच्या विरुद्धचा पुरावा नाही.

कणादांचं आधी उरकून घेऊ. त्यांच्या वैशेषिक दर्शनाच्या मते परमाणू नित्य आहे, त्याचा नाश नाही. म्हणजे प्राचीन ज्ञानाचं श्रेय घ्यायचंच असेल तर प्रोटॉन कधीच मोडत नाही यावर पैज लावावी लागेल, आणि उद्या तो मोडला तर ते श्रेय परतही करावं लागेल. तशी तयारी असलेला वक्ता मला अजून भेटलेला नाही.

आता मूळ प्रश्न. अणुकेंद्राबाहेर काढलेला न्यूट्रॉन सुमारे पंधरा मिनिटांत मोडतो. प्रोटॉन मोडत नाही. का? स्टँडर्ड मॉडेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या सिद्धान्ताकडे याचं जे उत्तर आहे ते ऐकायला ठीक आहे, पण आत पोकळ आहे. प्रोटॉन हा त्याच्या वर्गातला, म्हणजे क्वार्क नावाचे तीन घटक मिळून बनलेल्या कणांतला, सर्वांत हलका. त्याला मोडायचं तर त्या वर्गाबाहेर जावं लागेल, आणि वर्गाची मोजदाद कायम राहते असा नियम आहे. हा नियम कुठून आला? विद्युतभार कायम राहतो त्यामागे एक खोल सममिती आहे. ती काढली तर सिद्धान्ताचा डोलाराच कोसळतो. या दुसऱ्या नियमामागे तसं काहीच नाही. गणित मांडल्यावर तो आपोआप निघतो आणि मोडलेला कुणी पाहिलेला नाही, एवढंच. ज्या नियमाला कारण नाही त्याच्याकडे संशयाने पाहावं, ही विज्ञानाची जुनी खोड आहे.

१९७३-७४ च्या सुमारास हा संशय कागदावर आला. ओडिशातल्या बारीपद्याचे जोगेश पती आणि आजच्या पाकिस्तानातल्या झंगचे अब्दुस सलाम यांनी क्वार्क आणि इलेक्ट्रॉन मुळात एकाच घराण्यातले आहेत असं मांडलं. हार्वर्डमध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी त्याच दिशेने आणखी नेटकी मांडणी केली. एका घराण्यातले असतील तर एकाचं रूपांतर दुसऱ्यात कधीतरी होणारच, म्हणजे प्रोटॉन मोडणार: त्यातून एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचं धन भाराचं जुळं) आणि एक पायॉन (दोन क्वार्कांचा अल्पायुषी कण) बाहेर पडेल. किती काळाने? जॉर्जाय-ग्लॅशो मांडणीतून निघालेलं आयुष्य फार तर एकावर एकतीस शून्यं इतक्या वर्षांचं होतं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे एकावर जेमतेम दहा शून्यं. मग एवढ्या दीर्घायुषी कणाच्या मरणाची वाट कशी पाहायची? एक संत्रं कधी गळेल म्हणून कुणी एका झाडाखाली बसत नाही. वरूड-मोर्शीच्या सगळ्या बागा एकदम नजरेखाली घातल्या तर फळगळ रोज दिसते. जपानच्या त्या टाक्यातल्या मोजणीत धरलेल्या २२,५०० टन पाण्यात सुमारे साडेसात गुणिले १० चा ३३ वा घात इतके प्रोटॉन आहेत. सरासरी आयुष्य एकावर चौतीस शून्यं इतकी वर्षं असलं तरी वीस वर्षांत काही घटना हाती लागायला हव्यात.

हा पाळतीचा धंदा जुना आहे. १९५४ मध्ये फ्रेडरिक राइन्स, क्लाइड कॉवन आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी पहिला प्रयोग केला. गोल्डहाबर यांचा एक युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्याला उपकरणच लागत नाही: प्रोटॉनचं आयुष्य एकावर सोळा शून्यं इतक्या वर्षांहून कमी असतं तर आपल्याच हाडामांसातल्या क्षयाच्या किरणोत्सर्गाने आपण जिवंत राहिलो नसतो. आपण आहोत, म्हणजे तो त्याहून जास्त जगतो. आजची मर्यादा धरली तर एखाद्या माणसाच्या अख्ख्या आयुष्यात त्याच्या अंगातला एक प्रोटॉन मोडण्याची शक्यता हजारांत एकाहूनही कमी.

आणि या कथेतलं एक मोठं प्रकरण आपल्या देशातलं आहे, जे त्या दिवशी दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून जास्त खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आणि ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी सुमारे १४० टन लोखंडाचा शोधक उभा केला. १९८० मध्ये तो सुरू झाला, मोठ्या जागतिक प्रयोगांच्या आधी. इतकं खोल कशासाठी? आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा वैश्विक किरणांतला म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, जातो. तो गोंगाट अडवायला डोक्यावर खडक हवा. (वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणी यासाठी का चालत नाहीत, असं विद्यार्थी विचारतात. त्या मानाने त्या फार उथळ आहेत.) कोलारच्या चमूने लवकरच जाहीर केलं की काही घटना प्रोटॉनच्या क्षयासारख्या दिसतात. जगभर खळबळ झाली. मग अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीतलं आणि जपानच्या कामिओका खाणीतलं (सुपर-कामिओकांडेच्या आधीचं), अशी हजारो टन पाण्याची दोन टाकी सुरू झाली. त्यांत तसं काही दिसलं नाही आणि कोलारचा दावा टिकला नाही. १९८३-८४ पर्यंत जॉर्जाय-ग्लॅशोंची मूळ मांडणीही बाद झाली.

बाद झाली, हे शब्द सावकाश वाचावेत. जगातल्या अत्यंत देखण्या सिद्धान्तांपैकी एक, एका नोबेल विजेत्याने सहकाऱ्यासह मांडलेला, एका मिठाच्या खाणीतल्या पाण्याने खोटा ठरवला. 'काही सापडलं नाही' म्हणणाऱ्यांना मी विचारतो: चुकीचा सिद्धान्त मेला, हे सापडणं नाही का? १८८७ मध्ये मायकल्सन आणि मोर्ली यांना ईथरचा, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं मानलेल्या माध्यमाचा, वारा सापडला नाही. मायकल्सन स्वतः त्या निकालावर नाराज होता. त्या न सापडण्यावर आज आपण पदवीच्या वर्गात पूर्ण तास घालवतो.

तरीही विरोधकांच्या बाजूचा सर्वांत जड दगड उचलून पाहायला हवा, आणि तो पैशाचा नाही. तो असा: प्रत्येक वेळी मर्यादा वाढली की सिद्धान्तवाले आयुष्य आणखी लांब करतात. एकतीस शून्यं नाही जमली, तर चौतीस घ्या. चौतीस नाही, तर छत्तीस. दरवर्षी 'पुढच्या वर्षी पाऊस नक्की' सांगणाऱ्यात आणि यांच्यात फरक काय? हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. १९९१ च्या आसपास युरोपातल्या मोजमापांवरून दिसलं की सुपरसिमेट्री नावाची कल्पना (प्रत्येक ज्ञात कणाला एक न दिसलेला जोडीदार असतो) गृहीत धरली तर निसर्गातली तीन बलं एका अतिप्रचंड ऊर्जेला जवळजवळ नेमकी एकत्र येतात. त्या नकाशातून निघणारं प्रोटॉनचं आयुष्य कित्येक शून्यांच्या पट्ट्यात पसरलेलं आहे, आणि त्या कल्पनेतले नवे कण जिनिव्हाच्या महायंत्रात, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, अजून दिसलेले नाहीत. अशा सिद्धान्ताला एका प्रयोगाने पूर्ण खोटं पाडता येत नाही, हे मान्य करावंच लागेल.

पण यातून प्रयोग निरर्थक ठरतो का? इथे लोक सिद्धान्त आणि मोजमाप यांची गल्लत करतात. सिद्धान्त लवचीक असला तरी मोजमाप लवचीक नाही. २०२० मध्ये सुपर-कामिओकांडेने जाहीर केलं की पॉझिट्रॉन-पायॉनच्या वाटेने प्रोटॉनचं आयुष्य २.४ गुणिले १० चा ३४ वा घात वर्षांहून जास्त आहे. हा आकडा कुणाच्या आवडीच्या सिद्धान्तावर अवलंबून नाही. शंभर वर्षांनी येणाऱ्या, आज कुणाला न सुचलेल्या सिद्धान्तालाही त्याच्यापुढे हजर व्हावं लागेल. शिवाय क्षय दिसला तर तो नुसता 'हो' म्हणणार नाही. पॉझिट्रॉन आणि पायॉन निघाले तर गोष्ट एक. न्यूट्रिनो (भार नसलेला, जवळजवळ कशालाच न अडणारा कण) आणि केऑन (पायॉनचा जड नातलग) निघाले तर गोष्ट दुसरी, कारण ती वाट सुपरसिमेट्रीकडे बोट दाखवते. कोणती वाट किती वेळा, या प्रमाणातून घराण्याची वंशावळ वाचता येते. एका घटनेने हे होणार नाही, हेही खरं. एका घटनेवर विश्वास ठेवू नये, हे कोलारने आपल्यालाच शिकवलं आहे.

मग नेमकं कळणार काय? सर्वांत आधी, प्रोटॉनचा धन भार आणि इलेक्ट्रॉनचा ऋण भार एकमेकांना इतके तंतोतंत का खोडतात याचं कारण. प्रयोगांनी ही बरोबरी सुमारे एकविसाव्या दशांश स्थळापर्यंत तपासली आहे. दोघे पूर्ण वेगळ्या जातकुळीचे असतील तर हा योगायोग थक्क करणारा आहे. एका घराण्यातले असतील तर तो योगायोग उरतच नाही. पण माझ्या मते खरी मोलाची गोष्ट ऊर्जेची आहे. क्षय ज्या जड कणामार्फत होईल त्याचं वस्तुमान दहापट वाढलं तर प्रोटॉनचं आयुष्य दहा हजार पट वाढतं. म्हणजे आयुष्य मोजलं की त्या कणाचं वस्तुमान हाती येतं, आणि ते वस्तुमान जिनिव्हाचं यंत्र पोचतं त्याच्या शेकडो अब्ज पट पलीकडचं आहे. तिथवर पोचणारं यंत्र पृथ्वीवर कधी बांधलं जाईल असं मला वाटत नाही. टाक्यातलं पाणी मात्र ते काम एका खाणीत बसून करू पाहतं.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर बीटा क्षयाचा इतिहास पाहावा. एन्रिको फर्मीने १९३३-३४ मध्ये केंद्रकांचा हा मंद, साधा क्षय एका सूत्रात बसवला. त्या सूत्रातला आकडा इतका लहान का, याचं उत्तर होतं एक जड कण, जो त्या काळच्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्यात नव्हता. डब्ल्यू नावाचा तो कण प्रत्यक्ष सापडला १९८३ मध्ये. पन्नास वर्षं आधी प्रयोगशाळेतली एक दुर्मीळ, मंद घटना त्याची बातमी देत होती.

आणि आपल्याच मातीतला दाखला हवा असेल तर लोणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या या खड्ड्याची नोंद १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. चहूकडे काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाच. मग खड्डाही ज्वालामुखीचा, असं अनेकांनी कितीतरी काळ मानलं. अनुमान तर्काला धरून होतं, पण चुकीचं. १९७० च्या दशकात खडकात अशी काच सापडली की जी ज्वालामुखीच्या दाबाने बनत नाही, उल्केच्या आघातानेच बनते. त्या आघाताला कुणी साक्षीदार नव्हता, तो पुन्हा घडवताही येत नाही. हाताशी होती ती फक्त खूण. विश्वाच्या पहिल्या क्षणाच्या सूक्ष्म अंशातल्या घटनांबाबत आपली स्थिती तीच आहे. लोणारच्या उत्तराने मेहकरच्या बाजारात सोयाबीनचा भाव एक रुपयाने वाढला नाही. म्हणून ते शोधायला नको होतं, असं बुलढाण्यात कुणी म्हणत नाही.

समर्थकांची एक सवय मात्र मला खटकते. प्रोटॉनच्या क्षयातून 'आपण का आहोत' याचं उत्तर मिळेल, असं ते बेधडक सांगतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्हने १९६७ मध्ये दाखवलं की विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य (उलट भाराच्या जुळ्या कणांचं द्रव्य) संपलं, यासाठी प्रोटॉन-वर्गाची मोजदाद कधीतरी मोडायलाच हवी होती. हे खरं. पण ती मोडण्याचे इतर मार्गही आहेत, आणि आज अनेक अभ्यासकांना न्यूट्रिनोंवाटे जाणारा मार्ग जास्त पटतो. प्रोटॉन मोडलेला दिसला तर साखारोव्हची एक अट निसर्ग पाळतो एवढं सिद्ध होईल. आपल्या अस्तित्वाचं पूर्ण कोडं सुटणार नाही. वाढवून सांगितलेलं आश्वासन पुढे विज्ञानाच्याच अंगावर येतं. इंटरनेटच्या युक्तिवादाचं तेच. वर्ल्ड वाइड वेब सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाच्या त्याच कणभौतिकी प्रयोगशाळेत, जन्मलं म्हणून मूलभूत कणांवर खर्च करा, असं म्हणणाऱ्याला कुणीही चतुर माणूस विचारेल, मग थेट संगणकावरच खर्च का नको?

अनपेक्षित फळाची एक गोष्ट मात्र खरी आणि वेगळी आहे. टाक्यात प्रोटॉनच्या क्षयाचा भास निर्माण करणारा मुख्य त्रास म्हणजे वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो. तो त्रास वजा करायचा म्हणून ते बारकाईने मोजावे लागले. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या आकाशगंगेत तारा फुटला तेव्हा कामिओकात ११ आणि ओहायोत ८ न्यूट्रिनो नोंदले गेले. मासातोशी कोशिबा यांना २००२ चं नोबेल मिळालं. १९९८ मध्ये सुपर-कामिओकांडेने दाखवलं की न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, म्हणजे त्यांना वस्तुमान आहे, जे स्टँडर्ड मॉडेलच्या मूळ रूपात नव्हतं. ताकाआकी काजिता यांना २०१५ चं नोबेल. प्रस्थापित सिद्धान्ताला पडलेली प्रयोगशाळेतली पहिली ठोस चीर या 'काही न सापडलेल्या' टाक्यातूनच आली. ही लॉटरी नव्हती. प्रश्न काटेकोर असेल तर त्याच्या आजूबाजूचा सगळा परिसरही काटेकोर मोजावा लागतो.

आता कापूस. त्या पालकाच्या प्रश्नात राग होता आणि तो खरा आहे; हमीभावाच्या खाली कापूस विकावा लागलेल्या माणसाला विश्वाच्या गप्पा सांगणं उद्धटपणाच. पण प्रश्नात दडलेलं गृहीतक तपासू या: विज्ञानाचा पैसा वाचला तर तो शेताकडे येतो. येतो का? तमिळनाडूत थेनीजवळ न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ च्या सुरुवातीला केंद्राने मंजुरी दिली. खर्च सुमारे दीड हजार कोटी. पर्यावरण, स्थानिकांचा विरोध, न्यायालय यांत ती अडकली (पश्चिम घाटातल्या पाण्याबद्दलची तिथल्या लोकांची भीती मी क्षुल्लक मानत नाही). बांधकाम झालं नाही, म्हणजे तो पैसा वाचलाच. त्यातला किती वैनगंगेच्या कालव्यांत आला? वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला आणि पस्तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामं रेंगाळलेलीच होती. एका धरणाच्या वाढीव खर्चात अशा दहाहून जास्त वेधशाळा बसतात. भंडारा-चंद्रपूरच्या शेतापर्यंत पाणी पोचलं नाही याचा जाब प्रोटॉनला विचारणं सोपं आहे, कारण तो उत्तर देत नाही. ज्यांनी उत्तर द्यायचं ते मंचावर बसलेले असतात आणि त्यांनाही टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

'हे आपल्या लोकांचं काम नाही' या म्हणण्यामागे मला आणखी एक गोष्ट दिसते. मुंबई-पुण्याच्या मुलांनी विश्व मोजावं आणि यवतमाळच्या मुलांनी फवारणीचं प्रमाण शिकावं, अशी ही वाटणी आहे. ती वाटणी करणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. बारीपद्याच्या मुलाला कुणी हे सांगितलं असतं आणि त्याने ऐकलं असतं तर पती-सलाम मांडणीतलं पहिलं नाव वेगळं असतं.

राहता राहिला प्रश्न, की कुठे थांबायचं. याचं उत्तर समर्थक देत नाहीत, म्हणून आक्षेपाला बळ मिळतं. मी देतो. हायपर-कामिओकांडे नावाचं २ लाख ६० हजार टन पाण्याचं टाकं जपानमध्ये बांधलं जातंय. त्यातलं मोजणीचं पाणी आताच्या सुमारे आठपट असेल. ते वीस वर्षं चाललं, मर्यादा १० चा ३५ वा घात वर्षांपर्यंत गेली आणि तरीही काही दिसलं नाही, तर त्याहून दहापट मोठं टाकं मागणाऱ्यांच्या बाजूने मी उभा राहणार नाही. कारण टाकं वाढलं की न्यूट्रिनोंच्या खोट्या घटनाही त्याच प्रमाणात वाढतात, आणि एकदा त्यांची गर्दी झाली की दहापट पाण्याने मर्यादा जेमतेम तिप्पट सरकते. तेव्हा पैसा दुसऱ्या प्रश्नाकडे वळवावा. आजचा हिशेब तसा नाही: पॉझिट्रॉन-पायॉनच्या वाटेवर आतापर्यंतच्या सगळ्या वर्षांत अपेक्षित खोट्या घटना एकाहूनही कमी होत्या. पाणी आठपट केलं तर ज्ञान जवळपास तितकंच पुढे जाईल, अशी स्थिती अजून आहे.